गुडघ्याखालचा पावसाळा

या महिन्याची पत्रं चाळताना लक्षात आलं की निम्म्याहून अधिक प्रश्न गुडघ्याच्या खालचे आहेत. साप चावतो पायाला, खिळा घुसतो पायात, चिखल्या पडतात पायाला आणि शेवाळावरून घसरतो तोही पायच. सिंधुदुर्गातल्या तालुक्याच्या गावी दवाखाना असल्यामुळे मृग लागला की पायरीवर चपला काढणाऱ्या पेशंटचे मी आधी पाय बघते, मग चेहरा. तेव्हा ॲसिडिटी, केस गळणं आणि ‘वजन काही केल्या उतरत नाही’ ही पत्रं पुढच्या अंकात. आता पायांचीच घेऊ.

प्रश्न : गेल्या श्रावणात आमच्या वाडीतल्या एकांना झोपेत कांडर चावली. पहाटे पोटात दुखतं म्हणून त्यांनी ओवा खाल्ला. सकाळी डोळे उघडेनात. नशिबाने वाचले. माझ्या सासूबाई पडवीत जमिनीवर अंथरूण घालून झोपतात, कितीही सांगितलं तरी ऐकत नाहीत. शिवाय साप चावल्यावर दोरी बांधायची की नाही यावरून आमच्या घरात दर पावसाळ्यात वाद होतो. — एक सून, कुडाळ तालुका

उत्तर : तुमची धास्ती रास्त आहे. कांडर म्हणजे पुस्तकातला मण्यार. दिवसा कुठेतरी दगडांच्या गडग्यात पडून असतो, रात्री भक्ष्याच्या मागे घरात शिरतो. जमिनीवर झोपलेल्या माणसाचा हात-पाय त्याच्यावर पडला की चावतो. त्याचे दात इतके बारीक की खूण शोधूनही सापडत नाही; सूज नाही, आग नाही. माणूस उठतो तो पोटदुखीने, नाहीतर उलटीने, आणि थोड्या वेळाने पापण्या खाली यायला लागतात, गिळताना अडकतं, बोलणं जड होतं. पावसाळ्यात जमिनीवर झोपलेला माणूस पहाटे पोट धरून उठला, तर त्याला वर छताकडे बघायला सांगा. पापण्या नीट उचलता येत नसतील तर ओवा, सोडा काही नको, गाडी काढा. पापण्या ठीक असल्या तरी कुठे झोपला होता हे डॉक्टरांना आपणहून सांगा. आम्हीही विचारायला विसरू शकतो.

सासूबाईंना खाट नको असेल तर मच्छरदाणी द्या. जमिनीवरच लावा, पण चारही कडा गादीखाली पक्क्या खोचलेल्या हव्यात. नुसती लोंबती मच्छरदाणी उपयोगाची नाही. आणि ‘डास फार झालेत’ एवढंच सांगा. सापाचं नाव काढलंत तर ‘इतक्या वर्षांत चावलो नाय, तो आता चावतलो?’ हे ऐकावं लागेल.

आता दोरी. बांधायची नाही. आपल्याकडे विषारी म्हणजे मुख्यतः चार : नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं. फुरसं कोकणात जागोजागी. घोणस आणि फुरशाच्या विषाने जागेवरचं मांस खराब होतं. वर दोरी करकचून आवळली की उरलंसुरलं रक्तही तिथे पोचत नाही आणि पाय वाचवणं कठीण होतं. ब्लेडने चिरा मारणं तर त्याहून वाईट. या दोघांच्या विषाने रक्त गोठेनासं होतं. अशा माणसाला चिरा म्हणजे उघडा सोडलेला नळ. तोंडाने ओढणं, चुना लावणं, मिरची खायला घालून ‘तिखट लागतं का’ विचारणं, कोंबडी लावणं, सगळं सोडा.

करायचं ते थोडंच आहे. जोडवी, पैंजण, अंगठी, घोट्यातला काळा दोरा लगेच काढा, सूज चढल्यावर निघत नाहीत. मोडलेल्या पायाला आधार देतात तसा छत्रीच्या काठीचा आधार देऊन ओढणीने सैलसर बांधा. पेशंटला चालवू नका. १०८ला फोन करा. गाडी यायला वेळ लागणार असेल तर मोटरसायकलवर दोघांच्या मधे बसवून न्या. साप मारून आणायची गरज नाही. दवाखान्यात मेलेला साप पिशवीतून बाहेर काढणारे लोक मी बघितले आहेत. त्यातला एक पिशवीत वळवळत होता.

पुढचा वाद ग्रामीण रुग्णालयाच्या दारात होतो, तोही सांगून ठेवते. ‘साप चावलाय आणि हे लस देत नाहीत!’ लस म्हणजे घोड्याच्या रक्तापासून केलेलं प्रतिविष. ते वरच्या चारही सापांवर चालतं, सरकारी रुग्णालयात फुकट मिळतं, पण त्याची रिॲक्शन येऊ शकते. म्हणून विष अंगात भिनल्याची खूण असेल तरच देतात. बिनविषारी सापही चावतात आणि विषारी सापही कधी कधी कोरडाच चावा घेतो. तुम्हाला वाटतं नर्स नुसती उभी आहे, पण ती चाचणी करत असते. कोऱ्या, कोरड्या काचेच्या नळीत दोन मिली रक्त घेतात आणि नळी २० मिनिटं स्टँडवर तशीच ठेवतात. हात लावायचा नाही, हलवायची नाही. मग एकदाच तिरकी करतात. रक्ताची गाठ जागेवर राहिली तर गोठण ठीक. पाण्यासारखं वाहिलं तर फुरसं किंवा घोणस, आणि लगेच प्रतिविष सुरू. नळी काचेचीच लागते, प्लास्टिकमध्ये रक्त नीट गोठत नाही. साबणाने धुतलेली काचही चालत नाही. तेव्हा त्या वीस मिनिटांत ‘काय झालं, काय झालं’ म्हणत कोणी नळी उचलून बघू नका. कांडर चावली असेल तर ही चाचणी चांगली येते, तिथे पापण्या आणि श्वास बघायचा. चाचणी चांगली आली तरी २४ तास रुग्णालयातच ठेवून घेतात. सही करून घरी न्यायची घाई नको.

आणि हो, लहान मुलालाही मोठ्या माणसाएवढाच डोस असतो. साप मूल बघून विष कमी सोडत नाही. ‘एवढ्याशा पोराला एवढी इंजेक्शनं?’ म्हणून भांडू नका. भारतात सर्पदंशाने वर्षाला सरासरी ५८ हजार माणसं जातात असा अंदाज २०२०च्या एका अभ्यासात मांडला गेला. त्यातली बरीच रुग्णालयाबाहेरच जातात. गारुड्याकडे, मांत्रिकाकडे किंवा रस्त्यात.

प्रश्न : लेप्टोसाठी गमबूट घाला असं पत्रक येतं. ज्यांनी पत्रक छापलं त्यांनी एकदा माझ्या कुणग्यात गमबूट घालून लावणी करून दाखवावी. आशाताई आठवड्याला गोळ्या देऊन जातात, त्या खरंच घ्यायच्या का? घेतल्या की पोटात जळजळतं. — शेतकरी, सावंतवाडी तालुका

उत्तर : गमबुटाचं तुमचं म्हणणं मान्य. चिखलणी केलेल्या कुणग्यात बूट रुततो, पाय बाहेर येतो आणि बूट आतच राहतो. लावणीच्या बाया तर वाकून मागे मागे सरकत असतात, त्यांना बूट घालून ते जमणारच नाही. गमबूट बांधावरच्या कामाला, गोठ्यात, गटार उपसताना जरूर घाला. लावणीसाठी दुसरा मार्ग धरू.

लेप्टो म्हणजे लेप्टोस्पायरोसिस हा ताप. त्याचे जंतू उंदराच्या मुतातून पाण्यात येतात, गुराढोरांच्याही. धड कातडीतून ते सहसा शिरत नाहीत. त्यांना वाट लागते : भेग, खरचटलेलं, चिखल्या, किंवा तासन् तास पाण्यात राहून पांढरी पडलेली कातडी. म्हणून लावणीला उतरण्याआधी पाय बघा. जखमेवर पाणी न शिरणारी पट्टी लावा. फार मोठी जखम असेल तर त्या दिवशी तरवा (भाताची रोपं) काढायला, मुठी पोचवायला कोरड्यात राहा. कुणग्यातल्या पाण्याने तोंड धुऊ नका, डोळ्यांतूनही जंतू जातात. घरी आल्यावर साबणाने पाय धुवा आणि पुसा. पुसणं सगळे विसरतात.

गोळी डॉक्सिसायक्लिनची. २०० मिलिग्रॅम, आठवड्यातून एकदा, शेतीची घाई आहे तेवढे आठवडे. ज्यांचे पाय रोज पाण्यात आहेत त्यांनी घ्यावी असंच माझं मत आहे. जळजळीचं कारण मला ठाऊक आहे : रात्री आडवं होताना घोटभर पाण्याबरोबर घेता ना? ती गोळी अन्ननलिकेत चिकटते आणि तिथे जखम करते. भरल्या पोटी, तांब्याभर पाण्याबरोबर घ्या आणि निदान अर्धा तास आडवं होऊ नका. गरोदर बाईने आणि आठ वर्षांखालच्या मुलाने ही गोळी घ्यायची नाही. घरात उरलेली गोळी ‘तूपण घे’ म्हणून वाटू नका.

गोळी घेतली म्हणजे ताप येणारच नाही असं मात्र नाही. लावणीच्या दिवसांत थंडी वाजून ताप आला, पोटऱ्या दाबल्या तर सहन होत नाहीत, डोळे चिपडं न येता लाल झाले, तर त्याच दिवशी दवाखान्यात या आणि ‘शेतात होतो’ हे पहिल्या वाक्यात सांगा. सुरुवातीला साध्या प्रतिजैविकाने लेप्टो आटोक्यात येतो. लघवी कमी झाली, डोळे पिवळे झाले, धाप लागली किंवा थुंकीतून रक्त आलं, मग गाडी थेट जिल्हा रुग्णालयाकडे.

मुंबईकर वाचकांनी हे पान उलटू नये. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, आणि पुराचं पाणी ओसरल्यावर लेप्टोचे पेशंट भरायला लागले. पायाला जखम असताना तुंबलेल्या पाण्यातून चालावं लागलं तर ७२ तासांच्या आत डॉक्टरला भेटून प्रतिबंधक गोळी विचारून घ्या.

प्रश्न : डॉक्टरबाय, पायाच्या बोटांत चिखल्यो पडल्यो. काय लावचा? — पोस्टकार्ड, नाव नाही

उत्तर : आधी काही लावू नका, कोरडं करा. बोटांच्या मधली जागा सुती फडक्याने टिपा आणि पाय थोडा वेळ वाऱ्याला ठेवा. मुठेल, म्हणजे कोकमाचं तूप, भेगांना फार चांगलं, टाचांना खुशाल चोळा. पण बोटांच्या सांध्यात ते भरलं की ओल आतच कोंडते आणि चिखल्या वाढतात. कोरडं करून क्लोट्रिमॅझोलचं मलम सकाळ-संध्याकाळ लावा. बरं वाटलं तरी आणखी दोन आठवडे चालू ठेवा. औषधाच्या दुकानातून ‘तीन-चार औषधं एकात’ असलेली ट्यूब घेऊ नका. तिच्यात स्टेरॉइड असतं, खाज एका रात्रीत थांबते आणि नायटा महिनाभराने दुप्पट होऊन परततो. पाय लाल होऊन सुजला, जांघेत गाठ आली तर दाखवायला या.

प्रश्न : मी डोंबिवलीला असतो. आई गेल्यापासून वडील गावच्या घरी एकटेच राहतात. वय ७८, मधुमेह आणि बीपी आहे. मागच्या पावसात खळ्यात घसरले, मुका मार लागला. मुंबईला यायला तयार नाहीत. गणपतीला जाईन तेव्हा घरात काय काय करून यावं? — एक मुलगा

उत्तर : गणपतीपर्यंत थांबू नका. तोवर शेवाळ धरून झालेलं असतं. एक शनिवार-रविवार काढून आधीच जा.

खळ्यापासून सुरुवात करा. चिऱ्याच्या फरशीवर आणि पायऱ्यांवर पहिल्या पंधरवड्यातच बुळबुळीत थर येतो. तारेच्या ब्रशने घासून, ब्लीचिंग पावडर पाण्यात कालवून टाका, थोड्या वेळाने धुऊन काढा. हे दर पंधरा दिवसांनी कोणाकडून तरी करून घ्यावं लागेल. शेजारच्या मुलाला पैसे ठरवून द्या, नुसतं ‘जरा बघ हं’ म्हणून होत नाही. घरापासून विहिरीपर्यंत, तुळशीपर्यंत, गाडीरस्त्यापर्यंत माडाची चुडतं पसरा. जुने लोक हे करत आणि त्यावर पाय घसरत नाही. पण कुजलेली चुडतं वेळेवर बदला, कारण त्यांच्याखाली विंचू राहतो.

मग न्हाणीघर. संडासच्या भांड्याशेजारी आणि आंघोळीच्या जागी हाताने धरता येईल असा दांडा भिंतीत पक्का ठोकून घ्या. टॉवेलच्या दांड्यावर विसंबू नका, माणसाच्या वजनाने तो उखडून येतो. बसून आंघोळ करायला प्लास्टिकचं स्टूल, खाली रबरी जाळी. रात्री लघवीला उठण्याच्या वाटेवर रात्रभर जळणारा छोटा दिवा. वीज जाते, म्हणून उशाशी बॅटरी. वाटेतला उंबरठा रंगाने पांढरा करा. लुंगी घोट्याच्या वर नेसायला सांगा. वयस्कर माणसं लुंगीत पाय अडकून पडतात हे मी इतक्यांदा बघितलंय की पत्रकात छापावंसं वाटतं.

त्यांच्या गोळ्या घेऊन एकदा डॉक्टरकडे जा. बीपीची गोळी, प्रोस्टेटची गोळी, झोपेची गोळी, यांपैकी काहींनी उभं राहताना बीपी खाली येतं आणि माणूस चक्कर येऊन पडतो. बसलेलं असताना आणि उभं राहिल्यावर, दोन्ही वेळा बीपी मोजायला सांगा. आम्ही डॉक्टर गर्दीत एकदाच मोजतो. सकाळी उठताना आधी कडेला बसायचं, पावलं वरखाली हलवायची, मग उभं राहायचं. पायांत ताकद राहावी म्हणून खुर्चीतून हात न टेकता उठण्या-बसण्याचा व्यायाम रोज, जमेल तेवढ्या वेळा, सुरुवातीला भिंतीजवळ.

पडलेच, आणि एक पाय आखूड दिसतोय, पाऊल बाहेरच्या बाजूला वळलंय, तर खुब्याचं हाड मोडलं असं समजा. उभं करून ‘चालून बघा’ म्हणू नका, हाडवैद्याचा लेप नको, तेल चोळणं नको. आडवंच ठेवून गाडीतून न्या. हे ऑपरेशन दोन दिवसांत झालं तर माणूस पुन्हा चालायला लागण्याची शक्यता चांगली असते. ‘एवढ्या वयात कशाला’ म्हणून अंथरुणावर ठेवलं तर न्यूमोनिया आणि पाठीच्या जखमा घेऊन जातात.

मधुमेहाचं वेगळं सांगते, कारण तुमच्या पत्रात त्यांच्या पावलांबद्दल एक शब्द नाही. डोळे मिटायला सांगून पायाच्या बोटांना कापसाने हलकेच स्पर्श करा. कळत नसेल तर त्यांचे पाय बधिर झालेत. अशा पायात काटा मोडला तरी पत्ता लागत नाही. चुलीजवळ पाय शेकताना भाजतात आणि वास आल्यावर कळतं. रात्री उंदीर कुरतडतो आणि सकाळी अंथरुणावर रक्त दिसतं. हे ऐकून शहरातले लोक तोंड वाकडं करतात, पण इथे पावसाळ्यात उंदीर घरात येतात आणि असे पेशंट असतात. म्हणून त्यांनाही मच्छरदाणी. पायांचे तळवे रोज बघायचे. वाकता येत नसेल तर आरसा जमिनीवर ठेवून. घरातसुद्धा चप्पल, तीही मऊ एमसीआर रबराची, मागे पट्टा असलेली. अंगठ्याच्या चपलेने बोटांच्या बेचक्यात घासून जखम होते. चप्पल घ्यायला संध्याकाळी न्या, तेव्हा पाय थोडे फुगलेले असतात आणि माप खरं येतं. पाय शेकायला गरम पाण्याची पिशवी बंद. कुरूप ब्लेडने कापणं बंद.

प्रश्न : सुतारकाम करतो. पायात खिळा गेला की धनुर्वाताचं इंजेक्शन घेतो, वर्षातून दोन-तीन वेळा होतं. काही अपाय? — मालवण

उत्तर : पैसे वाया जातात आणि दंड सुजतो, एवढाच. लहानपणचे डोस पूर्ण असतील तर दर दहा वर्षांनी एक बूस्टर पुरतो. जखम खोल आणि मळलेली असेल आणि शेवटच्या इंजेक्शनला पाच वर्षं उलटून गेली असतील तर घ्यायचं. तारीख आधारकार्डाच्या मागे चिकटवून ठेवा. लहानपणी डोस झालेत की नाही हेच माहीत नसेल तर तीन डोसांचा कोर्स एकदा पुरा करा. खरं काम खिळा काढल्यानंतरचं आहे : वाहत्या पाण्याखाली साबणाने भरपूर धुणं. आत काही राहिल्याची शंका असेल तर दाखवा. हळद, शेण, मशेरी भरू नका. धनुर्वाताचे जंतू शेणामातीतच असतात. आणि पातळ तळाच्या चपला घालून फळ्यांच्या ढिगात फिरणं थांबवा, इंजेक्शनं आपोआप कमी होतील.

प्रश्न : आमच्या मुलाला सरपणातल्या विंचवाने डंख मारला. रडायचा थांबला म्हणून आम्ही झोपवलं, रात्री घाम फुटून हातपाय गार पडले. वेळेवर नेलं म्हणून बरा आहे. दुखायचं थांबलं म्हणजे विष उतरलं असं नसतं का? — एक आई, कणकवली तालुका

उत्तर : नसतं. इंगळीचा, म्हणजे मोठ्या काळ्या विंचवाचा डंख ठणकतो आणि बहुतेक तेवढ्यावर भागतं. लाल विंचवाचं तसं नाही. त्याच्या विषाने रक्तवाहिन्या आकसतात, हृदयावर ताण येतो, फुप्फुसात पाणी होतं. मुलांत हे लवकर होतं. घाम, उलटी, गार हातपाय, छातीत धडधड यांतलं एक जरी दिसलं तरी ठणका किती आहे ते बघत बसायचं नाही. लाल विंचू असेल, किंवा विंचू बघितलाच नसेल, तर मूल हसत असलं तरी निदान रात्रभर डॉक्टरांच्या नजरेखाली असू दे.

एके काळी कोकणात या डंखाने मुलं हातची जात. रायगडातल्या महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी गावच्या पेशंटांच्या उशाशी बसून त्याचा अभ्यास केला आणि प्राझोसिन नावाची रक्तदाबाची स्वस्त गोळी त्यावर चालते हे दाखवलं. आज ही गोळी वाडीजवळच्या आरोग्य केंद्रातही मिळते किंवा मिळायला हवी. पाऊस सुरू होण्याआधी एकदा विचारून या. २०२२मध्ये डॉ. बावस्करांना पद्मश्री मिळाली. सरपण उचलताना आधी काठीने हलवा, बाहेर ठेवलेले बूट घालण्याआधी आपटा, आणि मुलांचे कपडे भिंतीच्या खुंटीवरून सरळ अंगात घालू नका.

पुढच्या अंकासाठी पत्रं २० तारखेच्या आत पाठवा. चालू औषधांची नावं पाकिटावरून बघून लिहा. ‘ती पांढरी छोटी गोळी’ असं तिघांनी लिहिलंय; माझ्या कपाटात सगळ्या गोळ्या पांढऱ्या आणि छोट्याच आहेत.